पोथीच्या कडेचा ठिपका

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक
कार्तिक मास, शके १९२७

प्रिय जीवन,

अनेक आशीर्वाद.

ज्याच्या कृपेने वाचा उमटते आणि ज्याच्या कृपेनेच ती आवरता येते, त्या परमेश्वराला वंदन करून लिहावयास बसलो आहे. वाचा उमटावी म्हणून मी आयुष्यभर त्याची प्रार्थना केली. आज ती आवरली जावी म्हणून करतो आहे, कारण मी तुझ्यावर अतिशय रागावलो आहे. भाग्यश्री अजून दवाखान्यात आहे. तिच्यावरचा आणि तिच्या पोटातल्या जिवावरचा धोका टळला, असे मी तुला फोनवर सांगितले होते. ते सांगणे अपुरे होते. धोका टळला तो त्या दिवसापुरता. पुढचे तू ऐकून घेतले नाहीस. "आप्पा, मी असं म्हणालोच नव्हतो, लोकांनी भलता अर्थ घेतला," एवढे म्हणून तू कोठल्याशा बैठकीला गेलास. म्हणून हे पत्र कुरियरने हैदराबादेस पाठवतो आहे. पत्राला मध्येच तोडून बैठकीला जाता येत नाही.

तू काय म्हणाला होतास, ते मी सांगतो. भाद्रपदात गंगापूर रोडवरच्या त्या सभागृहात तुझ्या व्याख्यानाला खुर्च्या अपुऱ्या पडल्या होत्या. पहिल्या रांगेत तुझी आई मालनबाई नवे पातळ नेसून बसली होती, तिच्या शेजारी मी, आणि माझ्या शेजारी माझी नात भाग्यश्री, तिसरा महिना लागलेली, तुझ्यासाठी शेवंतीचा हार मांडीवर घेऊन. पहिला अर्धा तास तू जे बोललास, त्याने माझे डोळे ओलावले. डोळ्याला दिसणार नाही एवढ्या पेशीत माणसाच्या उंचीहून लांब धागा कसा मावतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो कसा गुंडाळलेला असतो. त्या रिळांतून बाहेर डोकावणाऱ्या शेपट्यांवर रसायनांच्या बारीक खुणा कशा चढतात आणि उतरतात. एखादी खूण चढली की गुंडाळी कशी सैल होते आणि धाग्यावरच्या मजकुराची प्रत उतरवून घेणारा लेखनिक कसा आत शिरतो. इतकी गहन गोष्ट इतक्या सरळ मराठीत मी कधी ऐकली नव्हती. मग तू पाणी प्यायलास आणि समोरच्या उपरणी पांघरलेल्या मंडळींकडे पाहिलेस. त्या क्षणापासून बोलणारा जीवन निराळा होता. तू म्हणालास, पाश्चात्त्यांना ही खुणांची विद्या काल कळली, आमच्या नाशिकच्या याज्ञिकांनी मात्र ती शतकानुशतके पोथीच्या कडेला कुंकवाच्या ठिपक्यांत जपून ठेवली आहे. सभागृह टाळ्यांनी भरून गेले.

त्या टाळ्या ओसरण्याआधीच तू पुढचे बोललास. फिट येऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्यांपैकी एक गोळी हिस्टोनवरच्या खुणा पुसणाऱ्यांचे हात धरून ठेवते, त्यामुळे जी गुंडाळी घट्ट राहावयास हवी तीही सैल पडते, आणि म्हणून गर्भाला अपाय संभवतो. तुमच्या प्रयोगशाळेत माशांच्या अंड्यांवर तुम्ही ते पाहिले आहे. एवढे खरे होते. तेथे थांबला असतास तर मी आज तुला आशीर्वादाखेरीज काही लिहिले नसते. पण तू म्हणालास, आपल्या पूर्वजांकडे याहून सौम्य उपाय होता. शुद्ध स्वरात म्हटलेला मंत्र नेमके हवे तेच जनुक जागे करतो, बाकीच्यांना निजू देतो. पुन्हा टाळ्या. परतताना रिक्षात मालनबाई मला म्हणाली, "आप्पा, पोरगं लय भारी बोललं. पर त्या ठिपक्यांचं काय खरं हाय का? तुमच्या भावाच्या येंधळेपणाची गोष्ट तर तुम्हीच सांगितली व्हती." मी हसलो. भाग्यश्री हसली नाही. पोटावर हात ठेवून ती बाहेर पाहत होती. मला वाटले, रिक्षाच्या धक्क्यांनी मळमळत असेल.

त्या ठिपक्यांची हकीकत तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण आता ती तुझ्या तोंडून गावोगावी भलत्याच रूपात फिरते आहे. आमच्या पाठशाळेत सारे मंत्र प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात, पण लग्नात काय म्हणावयाचे आणि अंत्यकर्मात काय, हा विवेक निराळा शिकवावा लागतो. त्याला आम्ही विनियोग म्हणतो. माझे थोरले बंधू मुळातच वेंधळे. एका लग्नात सप्तपदीच्या वेळी त्यांनी गंभीर आवाजात स्मशानातला मंत्र आरंभला. वधूचा मामा जाणकार होता. त्याने बसावयाचा पाट उचलला, आणि माझ्या वडिलांनी बंधूंना हाताला धरून मागच्या दाराने बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पोथीचे बासन सोडले आणि मंगलकार्याच्या पानांच्या कडेला कुंकवाचा व अंत्यकर्माच्या पानांच्या कडेला भस्माचा ठिपका लावला. एवढाच त्या शतकानुशतकांच्या विद्येचा इतिहास. तो माझ्याहून लहान आहे, आणि त्याच्या मुळाशी ऋषी नसून माझा भाऊ आहे.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तू सुट्टीवर आला होतास, ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. तू आमच्या ओट्यावर बसून तुझ्या आईचे हार ओवण्याच्या दोऱ्याचे रीळ हातात घेतलेस आणि मला तुझी विद्या समजावू लागलास. मी शिष्यासारखा ऐकत होतो. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत मजकूर एकच असतो, मग एक यकृत का होते आणि दुसरा डोळा का, असे तू विचारलेस, तेव्हा मी म्हणालो की हा तर विनियोग झाला; मग आत जाऊन पोथी आणली आणि तुला ते ठिपके दाखवले. ओळीतले एकही अक्षर बदललेले नाही, खूण कडेला आहे, आणि तिच्यावरून ठरते की आज हे पान उघडावयाचे की झाकलेले ठेवावयाचे. तू किती आनंदलास. म्हणालास, "आप्पा, आमचंही असंच आहे. एकच खूण एका जागी असली तर वाच म्हणते, दुसऱ्या जागी असली तर वाचू नको म्हणते."

मग मी तुला एक शंका विचारली होती. लग्नाच्या पानांवर एक ठिपका वडिलांचा असला, तरी पुढे कितीतरी डाग आपोआप पडले आहेत. लग्न लावताना याज्ञिकाच्या बोटाला कुंकू असते, आणि त्याच बोटाने तो पान उलटतो. मग एखाद्या पानाला कुंकू आहे म्हणून ते वाचले जाते, की वाचले जाते म्हणून त्याला कुंकू लागते? तू रीळ हातात फिरवत राहिलास. नंतर म्हणालास, "आप्पा, नेमकं इथंच आमचं अडलंय. खुणेमुळं जनुक जागं होतं, की जागं झालेल्या जनुकावर खूण उमटते? काही खुणांचं ठरलंय, पुष्कळांचं नाही. आम्हाला अजून ठाऊक नाही." जीवन, त्या शेवटच्या वाक्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता. आयुष्यभर शास्त्र्यांच्या सभांत बसलो. ठाऊक नाही म्हणणारा विद्वान मी तेथे क्वचितच पाहिला. मला वाटले, ज्याला मी शिकवले तो माझ्यापुढे गेला.

तोच तू, आणि ज्याविषयी तुझ्या विद्येतले मोठमोठे लोक अजून चाचपडत आहेत, त्याविषयी त्या व्यासपीठावर तुझ्या बोलण्यात शंकेला तिळभरही जागा नव्हती. तू माझ्यापाशी तर्क शिकला आहेस. प्रतिज्ञा कशी मांडावी, हेतू कसा द्यावा, दृष्टांत कोठे यावा, हे तुला मी संध्याकाळी संध्याकाळी घोकवले आहे. दृष्टांत हेतूला हात देण्यासाठी असतो. हेतूच नसेल तर दृष्टांत कितीही गोड असो, त्याने काही सिद्ध होत नाही. चंद्रासारखे मुख म्हटले म्हणून कोणी मुखाला ग्रहण लागण्याची वाट पाहत नाही. मी तुला प्रेमाने दिलेला दृष्टांत तू प्रमाण म्हणून बाजारात मांडलास. अडाणी माणसाने हे केले असते तर मी हसून सोडले असते. तू न्यायाची पायरी ओलांडलीस ती जाणून, आणि माझ्या डोळ्यांदेखत.

तू म्हणशील, आप्पा, यात धर्माचा गौरवच झाला. मी नाही म्हणतो. ज्या श्रुतीच्या पाठात एक मात्रा कमीअधिक होऊ नये म्हणून आमच्या पिढ्यांनी घशाच्या शिरा ताणल्या, तिला तू प्रयोगशाळेच्या दारात प्रशस्तिपत्राची याचना करत उभी केलीस. तिला तुझ्या हिस्टोनांची साक्ष नको होती. मंत्र म्हटल्याने माझे चित्त स्थिर होते, माझा अहंकार थोडा वितळतो, मरणाची भीती कमी होते. एवढ्यासाठी मी पहाटे उठतो. तो जनुके उघडतो असे मी कधी म्हटले नाही, माझ्या वडिलांनी म्हटले नाही, आणि ज्यांच्या नावाने तू टाळ्या घेतल्यास त्यांनीही म्हटलेले माझ्या वाचनात नाही. तू एका वाक्यात दोन पवित्र गोष्टी मलिन केल्यास, माझी एक आणि तुझी एक.

त्या टाळ्या तुला का हव्या होत्या, हे मला कळत नाही असे समजू नकोस. पहिल्या तीन रांगांत कोण बसले होते, ते मीही पाहिले. तू मखमलाबादच्या मळ्यातून फुले घेऊन येत असस आणि मुलांची संथा, म्हणजे वेदपाठ, ऐकण्यासाठी पाठशाळेच्या जिन्यावर रेंगाळत असस, तेव्हा माळ्याच्या पोराला पाठशाळेत बसवतो म्हणून माझ्याकडे शिष्टमंडळ घेऊन आलेली तीच घराणी. त्यांना मी त्या दिवशी चहा दिला आणि तुला त्यांच्यासमोर हाक मारून पुढच्या पाटावर बसवले. पुढे माझ्याकडची श्राद्धपक्षाची बोलावणी कमी झाली, त्याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे, की ज्यांना तू स्वतःच्या कष्टाने मागे टाकले होतेस, त्यांच्याच तोंडून शाबासकी मिळावी म्हणून तू त्यांना आवडेल ते बोललास. त्यांनी तुझ्या गळ्यात हार घातला तेव्हा मालनबाईने पदराने डोळे पुसले. तो हार भाग्यश्रीने आणलेला होता. तिला घालू दिला नाही, अध्यक्षांनी घातला, हे तुझ्या ध्यानातही आले नसेल.

भाग्यश्रीची पहिली फिट आठवते ना तुला? तेरा वर्षे झाली. गोदावरीच्या काठी, गंगेवरच्या बाजाराच्या गर्दीत ती पडली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तू सतरा. कोणी म्हणाले अंगात आले आहे, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल शोधू लागला. मग सगळी गर्दी माझ्याकडे वळली: शास्त्रीबुवा, तुम्हीच काहीतरी म्हणा. तू फुलांची पाटी टाकून दिलीस, लोकांना कोपरांनी मागे सारलेस, ती शांत होताच तिला पाठीवर घेतलेस आणि मला म्हणालास, "आप्पा, मंत्र मागून म्हणा, आधी दवाखाना." मखमलाबादच्या पोराने पंचवटीच्या शास्त्र्याला भर बाजारात असे सांगितले, आणि मी उपरणे सावरत तुझ्यामागे धावलो. तेव्हापासून ती तुला राखी बांधते. तेव्हापासून तिला कोणीही काहीही सांगितले तरी ती विचारते, जीवनदादा काय म्हणतो?

आता ऐक. व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी बंद केली. नवऱ्याला सांगितले नाही, डॉक्टरांना सांगितले नाही, मला तर नाहीच. तू ज्या गोळीचे वर्णन केलेस तीच ती घेत होती. आणि त्या गोळीऐवजी काय घेतले, तेही ऐक. आठ वर्षांपूर्वी बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना घरी संथा घोकता यावी म्हणून मी एक कॅसेट भरून दिली होती. ती तिने शोधून काढली, आणि दीड महिना, रोज सकाळ-संध्याकाळ, इंदिरानगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, टेप पोटाजवळ ठेवून ती माझा आवाज बाळाला ऐकवीत राहिली. शुद्ध स्वर हवा असे तू म्हणाला होतास. आप्पांपेक्षा शुद्ध स्वर कोणाचा, असे तिने मला नंतर विचारले.

भाऊबीजेला तिने तुझी वाट पाहिली. त्या संध्याकाळी तू दुसऱ्या गावी तेच व्याख्यान देत होतास, हे मला मागाहून कळले. भाऊ आला नाही म्हणून रीतीप्रमाणे चंद्राला ओवाळावे, असे ठरवून ती तबक घेऊन गॅलरीत गेली. बीजेची कोर लवकर मावळते म्हणून घाईत होती. हातात पेटलेले निरांजन असताना तिला फिट आली. समोरच्या गॅलरीत आयशा दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, शेजारचीच पोर, हिच्याच वयाची. तिने पाहिले, धावत आली, पदराला लागलेली आग सतरंजी टाकून विझवली, हिला कुशीवर वळवले आणि रिक्षा बोलावली. भाग्यश्रीचा उजवा हात भाजला आहे. पोटाला लागले नाही, ही ईश्वराची कृपा, आणि त्या कृपेला त्या संध्याकाळी आयशाचे हात होते. दवाखान्यात ती मला म्हणाली, "आजोबा, ही रोज टेप लावायची, मला वाटायचं घरात सगळं छान चाललंय." ती रडत होती. मला तिची क्षमा मागावीशी वाटली; तुझ्या वतीने.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण त्यांच्या बोलण्यात तोल आहे. तुझ्या व्याख्यानाविषयी मी सांगितले तेव्हा त्या तुझ्यावर माझ्याइतक्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, गोळीविषयी ते जे बोलले ते खरे आहे. दिवस राहण्याआधीच ती बदलावयास हवी होती आणि ते आम्हाला कोणी कळवले नाही. पण गोळी बदलता येते, एकाएकी बंद करता येत नाही. अशी झटक्यावर झटका देणारी फिट आली तर आई आणि मूल दोघांचाही श्वास जाईल. सोनोग्राफीत पाठीचा कणा सरळ दिसतो आहे, ठोके उत्तम आहेत. दुसरी गोळी, जिच्यात हा धोका पुष्कळ कमी आहे, ती आजच सुरू करावयास हवी. इतके स्पष्ट, इतके सोपे. आणि भाग्यश्री गोळी तोंडात घेत नाही. बळेच दिली तर थुंकून टाकते. सुईलाही हात देत नाही. म्हणते, "सगळ्या गोळ्या ती गुंडाळी सोडतात, दादानं सांगितलंय. आप्पा, तुम्ही इथं बसून मंत्र म्हणा ना, मग मला काही होणार नाही."

आणि मी म्हटला नाही. सत्तर वर्षांच्या पाठात मला कोणी मंत्र म्हण म्हटले आणि मी नाही म्हणालो, असे कधी घडलेले नाही. स्मशानात शत्रूसाठी म्हटला आहे, तापाने फणफणलेला असताना म्हटला आहे. परवा माझी नात भाजलेला हात माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली आणि मी सांगितले, तू गोळी घेईपर्यंत माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्या एका वाक्यामुळे मी माझ्याच मंत्राला माझ्या नातीच्या खाटेपासून दूर ठेवून बसलो आहे, हे तुला तुझ्या बैठकीत कळावे.

तिला पटवता येईल असा एक युक्तिवाद माझ्यापाशी आहे, पण तो मी तिच्यापुढे मांडू शकत नाही. तिच्या घरून ती कॅसेट मी उचलून आणली आणि काल ऐकली. पहिल्या बाजूला मंगलकार्याचे मंत्र आहेत. दुसऱ्या बाजूला अंत्यकर्माचे. विद्यार्थ्यांसाठी दोन्ही भरले होते. वर लिहिलेले कधीच पुसून गेले आहे आणि कॅसेटला कोणी ठिपका लावलेला नाही. आयशा सांगते, टेप दोन्ही बाजूंनी वाजत असे. म्हणजे त्या गर्भाने दीड महिना, अर्धा वेळ, प्रेताला अग्नी देताना म्हणावयाचे मंत्र ऐकले, तेही माझ्याकडून, शुद्ध स्वरात. आणि त्याचा कणा सरळ आहे, त्याचे ठोके उत्तम आहेत. हा घे तुझ्या सिद्धांताचा प्रयोग. मंत्राने जनुके जागी होत असती आणि निजत असती, तर ते बाळ उरले नसते, आणि हे पत्र लिहावयास मीही उरलो नसतो. तुझ्यासारख्याला हे एवढे पुरेसे आहे. तिला सांगितले तर ती तर्क ऐकणार नाही, भिऊन जाईल, आणि त्या बाळाकडे जन्मभर शंकेने पाहील. म्हणून तूही तिला हे सांगू नकोस. हे पत्र तुझ्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांना हवे तर वाचून दाखव, माझी हरकत नाही; उलट दाखवच. पण तिच्या हाती पडू देऊ नकोस.

हे पत्र तुझी कानउघाडणी करण्यासाठी लिहिले, असे तुला येथवर वाटले असेल. तेवढ्यासाठी मी लेखणी उचलली नसती. राग माझ्या पोटात राहिला असता आणि यथावकाश माझ्याबरोबर गेला असता. काल संध्याकाळी तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारले, "दादाला तुम्ही फोन केला होता ना? फोनवर तो तुमच्या धाकानं काहीही म्हणेल. समोर येऊन म्हणाला तर ऐकीन." जीवन, माझे ती ऐकत नाही, डॉक्टरांचे ऐकत नाही, नवऱ्याचे ऐकत नाही. ज्याच्या तोंडून ती बुडाली त्याच्याच तोंडून ती वर येईल. म्हणून हे पत्र मिळेल त्या दिवशी, मिळेल त्या गाडीने निघ. मोठा वक्ता म्हणून येऊ नकोस, ठिपके नको, पूर्वज नको, पहिल्या रांगा नकोत. तिच्या खाटेशी उभा राहा आणि तू जे म्हणालास ते खोटे होते, एवढे साध्या शब्दांत सांग. आणि मग सतरा वर्षांचा असताना जे वाक्य मला गंगेवर ऐकवलेस, तेच तिच्यासमोर पुन्हा मला ऐकव: आप्पा, मंत्र मागून म्हणा. ती गोळी गिळेल. मी पाण्याचा पेला धरून उभा असेन, आणि तो खाली ठेवताच म्हणावयास आरंभ करीन. स्वर चुकतील, तू मोजत बसू नकोस.

हे अक्षर ज्याच्या ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याच्या घरच्या लेकीसुना सुखरूप बाळंत होवोत. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याचे धैर्य त्याच्या जिभेला लाभो. आणि चुकलेल्याला परत येण्याची वाट सदैव मोकळी राहो. सर्वांचे कल्याण असो.

तुझाच,
आप्पा